बॅटरीची तब्येत

नव्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीची तब्येत शंभर टक्क्यांवरून नव्व्याण्णववर आलेली मोबाइलवर दिसली आणि अप्पांनी गाडीवर कव्हरच घातलं. “वापरली की झिजते!”

कुमुदताईंनी साठी उलटल्यावर लायसन काढलं, ते कव्हर झटकायला नव्हे. सकाळी ते कव्हर अप्पांच्याच हातात देऊन त्या एकट्या घाट उतरून चिपळूणला, बहिणीकडे पोचल्या.

फोन वाजलाच. “अगं, मोबाइलवर बघतोय, घाटात चार्जिंग उलट वाढलंय!”

“उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा. गाडी स्वतःला आवरते आणि चार्जही होते.”

बायको चालवत असताना कधीच गाडीत न बसलेले अप्पा घुटमळले. “उद्या एसटीनं येतो तिकडे. परतताना तुझ्या शेजारी बसेन.”

“अहो, चढावर बॅटरी झिजेल!”

“झिजू दे.”