फाशीची मागणी

१२ जानेवारी २०२३, संध्याकाळचे सव्वासहा. केंदूरच्या चौकात ज्ञानदेवच्या चहाच्या टपरीवर जयसिंग पाटील आणि आणखी अकरा जण मोबाइलवर खुनाची बातमी पाहत होते. खुन्याला दोर बरा की गोळी, यावर ते हमरीतुमरीला आले होते. ज्ञानदेवची बायको चांगुणा तो कल्ला ऐकतच दूध आणायला गेली.

"दोर कशाला? भर चौकात ठेचा त्याला!" जयसिंग गरजला.

"जीव घेऊन न्याय होत न्हाई, पाटील," कप विसळता विसळता ज्ञानदेव म्हणाला.

"खुन्याची बाजू घेतो व्हय रं?" म्हणत जयसिंगने कोपऱ्यातली पहार उचलली आणि सर्वांदेखत त्याच्या डोक्यात घातली. दुसऱ्या घावाला कवटी फुटली. चांगुणा परतली तेव्हा टपरीपुढे रक्त आणि चहा एकत्रच वाहत होते.

दोन वर्षांनी खटला उभा राहिला. अकराही जणांनी शपथेवर सांगितले, आमची पाठ होती, काही दिसले नाही. कोर्टाच्या पायरीवर चांगुणाने त्यांतल्या वडीलधाऱ्या आप्पांची वाट अडवली.

"आप्पा, फाशी फाशी म्हणून तुम्हीच घसा फोडत हुता की!"

आप्पांनी इकडेतिकडे पाहिले.

 

"आगं बाई, जयसिंग आमच्या भावकीतला. खरं बोललो आन् त्याला खरंच फाशी झाली म्हंजी?"

शिक्षा झालेले : शून्य.