दहा पावलं मागे

त्या बुधवारीही सगुणाबाई मार्थाआजींसाठी मऊ भाताचा डबा घेऊन निघाल्या. अंथरुणाला खिळलेल्या आजींपाशी बसून प्रार्थना करायचा त्यांचा नेम होता. वाटेत कुत्र्यांची गल्ली लागे, आणि कुत्र्यांना त्या लहानपणापासून भीत. गल्लीच्या तोंडाशी येताच त्या उपासनेतलं गीत म्हणू लागत. कुत्री जितकी जवळ येत, तितका त्यांचा बेसूर आवाज चढे.

“एवढी घाबरतेस तर जातेस कशाला, आई?” बरोबर चाललेल्या लेकीनं विचारलं.

“भीती वाटते म्हणून तर प्रभूला सोबत घेते. वाटली नसती, तर एकटीच गेले असते गं.”

गीत सुरू झालं तशी लेक दहा पावलं मागे राहिली. गल्लीतल्या एका ओट्यावर बसलेले काका हसून तिला म्हणाले, “आज पट्टी फारच वर लागलीय! या बाई तुझ्या कोण गं?”

“शेजारच्या,” ती म्हणाली.

गुरुवारी पहाटे सगुणाबाई झोपेतच गेल्या.

पुढच्या बुधवारी डबा लेकीच्या हातात होता. गल्लीत कुत्री उठली, तिनं डबा छातीशी धरला. तिनं प्रभूचं नाव घेतलं आणि गीत सुरू केलं, आईइतकंच बेसूर. कुत्री भुंकत राहिली, ती चालत राहिली.

“शेजारच्या बाई कुठायत आज?” काकांनी विचारलं.

ती कुत्र्यांच्या मधोमध थांबली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “शेजारच्या नव्हेत, काका. माझी आई होती ती. मी सगुणाबाईंची मुलगी.”