परदेशी पाहुण्याची नोंद

परदेशात राहणाऱ्या लेकाने तिकडचा पासपोर्ट घेतला, त्यामुळे सुट्टीला आला की तो कायद्याने परदेशी पाहुणा. चोवीस तासांत घरमालकाने त्याला नोंदणी कार्यालयात हजर करायचं. घरमालक म्हणजे आई.

घरी त्याची मान मोबाईलमधून वर निघायची नाही. कार्यालयात मात्र मोबाईल दारावरच जमा करावा लागे, म्हणून नंबर येईपर्यंत तीन-चार तास मायलेक बाकावर गप्पा मारत बसायचे.

यंदाही असंच बसून नंबर आला. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "पाहुण्याशी नातं?"

"नऊ महिने पोटात राहिला होता. तेव्हा कुणी नोंद मागितली नाही."

कारकून हसला. शिक्का मारत म्हणाला, "मावशी, पुढच्या वर्षीपासून हेलपाटे बंद. घरबसल्या मोबाईलवर पाच मिनिटांत नोंद होणार."

"सुटलो बुवा," म्हणत लेक मोबाईल घ्यायला दाराकडे धावलासुद्धा.

आई जागची हलली नाही. तो लांब गेलेला बघून ती खिडकीत वाकली.

"साहेब, एखादा कागद कमी आहे म्हणा ना. उद्या परत घेऊन येते त्याला."