थंड समुद्र

"पाणी थंड पाहिजे," लॉन्ड्रीवाला तिसऱ्यांदा म्हणाला. "हाडं गोठतील इतकं."

सहलीच्या ऑफिसातली बाई टेबलापलीकडून त्याच्याकडे बघत राहिली. पंधरा वर्षांच्या नोकरीत असलं गिऱ्हाईक आलं नव्हतं. तिनं चार किनाऱ्यांचे फोटो मांडले होते. चारही उन्हाचे, कोमट पाण्याचे, नवशिक्याला सर्फिंग जमेल अशा बुटक्या लाटांचे.

"थंड पाणी घरच्या फ्रीजमध्ये मिळतं, काका. त्यासाठी विमान कशाला?"

शेजारी बसलेली त्याची मुलगी खुदकन हसली. लॉन्ड्रीवाला हसला नाही. पोरीला पहिली नोकरी लागली म्हणून ही सहल. फळी घेऊन लाटांवर उभं राहायचं खूळ तिचं. तो हो म्हणून बसला, आणि मग त्याला एक गोष्ट कळली. गार समुद्रात ही मंडळी गळ्यापासून घोट्यापर्यंत काळा रबरी सूट चढवतात. गरम समुद्रात नुसत्या चड्डीवर उतरतात. झालं, त्या दिवसापासून त्यानं थंड पाण्याचा धोशा लावला.

कारण पोरीचा डावा पाय. आठ वर्षांची असताना ती दुकानात त्याच्या पायांत घुटमळत होती आणि इस्त्रीच्या वाफेची नळी जोडातून सुटली. जोड सकाळपासून फुसफुसत होता. संध्याकाळी आवळतो, असं तो म्हणाला होता. नंतर मांडीपासून घोट्यापर्यंत कातडी आली ती पिळून तशीच वाळलेल्या कपड्यासारखी. जन्मभर ह्या माणसानं गावाच्या सुरकुत्या काढल्या, पण तिथं त्याची इस्त्री चालली नाही.

मग हातात होतं तेवढं त्यानं केलं. झाकलं. पोरीला फ्रॉक आणणं बंद केलं. शाळेत पोहण्याचा तास असला की चिठ्ठी द्यायचा, सर्दी आहे. सहा वर्षं सर्दी. एवढी तर पेंग्विनलाही होत नाही, असं शाळेतल्या बाई एकदा म्हणाल्या. म्हणू देत. लोकांच्या नजरेतून पोर सुटली, त्याला तेवढं पुरे होतं.

"हा घ्या मग." बाईनं पाचवा फोटो काढला. करडे खडक, करडं पाणी, काळ्या सुटातली माणसं. "पण इथं लाटा दांडग्या. पोहता येत नसेल तर पाण्यात सोडत नाहीत."

"मग राहू दे. हिला कुठं येतंय पोहायला? रद्दच करू सगळं."

"येतं मला," मुलगी म्हणाली. "दोन वर्षं झाली. कॉलेजच्या तलावात जाते."

लॉन्ड्रीवाल्याला आधी नीट कळलंच नाही. "चारचौघांत? पाय उघडा टाकून?"

"पँट घालून कोण पोहतं, बाबा?"

"आणि लोक?"

"पहिल्या दिवशी सगळ्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी निम्म्यांनी. आठवड्यानं कुणाला वेळ नव्हता. ज्याच्या त्याच्या नाकातोंडात पाणी जात होतं."

बाईनं मान खाली घातली आणि सरळच असलेले फोटो पुन्हा सरळ करायला घेतले.

लॉन्ड्रीवाला आता चिडला. "बाहेर एवढी धीट, तर घरात कशाला गुंडाळून बसतेस? भर उन्हाळ्यात पायघोळ विजारी. घरात कोण परकं आहे?"

हे आज बोलायचं असं काही मुलगी ठरवून आली नव्हती.

"एकदा चड्डीवर जेवायला बसले होते. तुम्ही ताटावरून उठलात. भूक नाही म्हणालात. पुन्हा एकदा बसले, तर दुकानात निघून गेलात. दुकान बंद होतं त्या दिवशी." तिचा आवाज चढला नाही. "म्हटलं, माणूस घरात चार घास जेवला तरी पाहिजे. लोकांना चालतो माझा पाय, बाबा. झाकते ती तुमच्यासाठी."

बाहेर एक गाडी हॉर्न वाजवत उभी होती. ती निघून गेली.

लॉन्ड्रीवाल्यानं करड्या समुद्राचा फोटो उचलला आणि बाईकडे परत सरकवला.

"ह्या चारांत सगळ्यात गरम कुठला?"

बाईनं बोट ठेवलं.

"तिथं खुर्ची मिळते का बसायला? पण पाण्याला लागूनच पाहिजे," तो म्हणाला. "मला लांबचं नीट दिसत नाही."