वीतभर पोकळी

दुहेरी पत्र्याच्या छपराचं काम ती नवरा-बायको जोडीनंच करत. वरचा पत्रा पक्का करण्याआधी मिस्त्री पान्याने एकदा ठोकायचा. खाली शिडीवर उभी असलेली बायको आतल्या पत्र्यावर एकदा ठोकून 'होऊ द्या' म्हणायची. तिने दोनदा ठोकलं, तर चहा झालाय, खाली या. उशीर केला की बाई दोघांचाही चहा पिऊन मोकळी.

ती जाऊन वर्ष झालं. आज भर दुपारी मिस्त्री छपरावर एकटाच होता. आतला पत्रा झाला होता, त्यावर ब्रॅकेट, ब्रॅकेटवर पट्ट्या, आणि मधल्या वीतभर पोकळीत ऊन अडवणाऱ्या काचेच्या लोकरीचा थर. वरचा पत्रा ठेवून त्याने सवयीने ठोकलं.

टक. उत्तर आलं.

त्याने कडेवरून वाकून पाहिलं. शेडला कुलूप होतं. आतली शिडी बाहेर आडवी पडली होती.

मग प्रत्येक पत्र्याला त्याने मुद्दाम ठोकलं, आणि प्रत्येक वेळी उत्तर आलं. खालून आलं असतं, तर लोकरीतून दबून आलं असतं. हे अगदी पान्याखाली वाजत होतं.

"मिस्त्री, आटपा की! एकच पत्रा राहिलाय," खालून मुकादम ओरडला.

"आलोच."

पण तो पत्रा लावला की पोकळी कायमची बंद होणार होती. जड हाताने त्याने तो ठेवला, ठोकलं. बराच वेळ काहीच नाही. त्याने पत्र्याला कान लावला.

टक, टक.

मिस्त्रीने डोळे पुसले, स्क्रूचं मशीन बाजूला ठेवलं, आणि "आलो गं," म्हणत पत्र्याची कड उचलली.