छपरावरची उडी

लांब चामडी कोटातला काळा नायक छपरावरून उडी घेतो आणि गोऱ्या दादाच्या टोळीला एकटा लोळवतो. १९७३ साली लॉस एंजेलिसमध्ये असे सिनेमे धडाधड निघत होते. या सिनेमातली उडी मात्र नायक स्वतः मारणार नव्हता, म्हणून रंगभूषा करणाऱ्या वर्लीनने धीर करून साहाय्यक दिग्दर्शकाला गाठलं.

"माझ्या भावाला घ्या ना, साहेब. सर्कशीत उड्या मारायचा तो. नायकाएवढीच उंची, तशीच अंगलट आणि रंगही तोच."

"रंग तोच? नक्की?"

"माझं कामच आहे ते. काडीचा फरक नाही."

"मग बोलाव त्याला."

फाटकाबाहेर ताटकळलेला क्लिओफस धावतच आत आला. "ताई, सिनेमा लागू दे, अख्खी गल्ली शिट्ट्या मारेल बघ! आईला पहिल्या रांगेत बसवू."

"आधी हातपाय न मोडता उडी मार, मग शिट्ट्या," म्हणत वर्लीनने हसून त्याची कॉलर सारखी केली.

"बाही वर कर, पोरा," साहेब म्हणाला. क्लिओफसने ऐटीत दंड फुगवून दाखवला.

 

साहेबाने रंगभूषेच्या खुर्चीत उघड्या अंगाने बसलेल्या गोऱ्या माणसाकडे बोट केलं. "नायक उशिरा येणार आहे, वर्लीन. तोवर भावाचा हात समोर धर आणि उडी मारणाऱ्या या गड्याला अगदी तसाच काळा रंगव."