सौंदडपुढचं फाटक

संध्यानं फाटक उपटलं. गेटमनची खोली, दोन्ही दांडे, ‘शिटी द्या, फाटक आहे’ असं ड्रायव्हरला सांगणारा पिवळा बोर्ड, सगळं एकेक करून पुसलं आणि त्या जागी धानाची शेतं, हिरव्यागार बांध्या पसरल्या. कॉम्प्युटरवर काय, माउस फिरवला की झालं! सौंदडपुढचं खरं फाटक जिथल्या तिथं होतं. तिच्या बाबांच्या डोळ्यांपुढून तर ते हलता हलत नव्हतं.

बाबा म्हणजे उदाराम पटले, गोंदियाचे लोको पायलट. उन्हाळ्यात त्या फाटकावर एक माणूस बंद दांड्याखालून सायकल काढायला गेला आणि त्यांच्या पॅसेंजरखाली आला. उदारामनं हॉर्न दिला होता, ब्रेकही लावला होता. चौकशीत त्यांची काही चूक निघाली नाही. पण कागदावर सुटलेला माणूस मनातून सुटतोच असं थोडंच आहे? तेव्हापासून ते रजेवर होते. खाटेवर बसायचे आणि भिंतीकडं बघायचे. सोमवारी हजर व्हायचं होतं. “इंजिनावर जात नाही आता. हापिसातलं काहीबी द्या म्हनतो,” असं त्यांनी बायकोला, चमेलीबाईला सांगून टाकलं होतं. उभी हयात इंजिनावर काढलेला माणूस फायली उचलत बसला तर आतून वाळून जाईल, हे मायलेकींना कळत होतं. म्हणून घरात फाटक हा शब्दच बंद झाला. अंगणातल्या फाटकालासुद्धा चमेलीबाई ‘दार’ म्हणायला लागली.

संध्याला रेल्वेच्या खेळाचा भारी नाद. दर रविवारी दुपारी ती इंटरनेटवर गोंदिया-वडसा लाइन मांडायची. लाइन तिनंच बनवलेली. मित्रमंडळी आपापल्या घरून खेळात यायची. कोणी कंट्रोलर, कोणी मालगाडीवर, कोणी पॅसेंजरवर. टाइमटेबलप्रमाणं गाड्या चालवायच्या, समोरून गाडी येत असली की लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, थांबायचं. म्हणायला खेळ, पण चूक झाली तर बोलणी खऱ्यासारखी बसायची. या रविवारी तिनं पॅसेंजर बाबांच्या नावावर टाकली.

“पोराईचा खेळ हाय हा,” ते कुरकुरले.

“एकडाव हात तर लावा, बाबा. सहायक मी आहे ना!”

गोंदिया सुटायची वेळ झाली. संध्या ओरडली, “स्टार्टर हिरवा!” आणि त्यांच्या तोंडून आपसूक आलं, “स्टार्टर हिरवा!” दिसेल तो सिग्नल ड्रायव्हरनं आणि सहायकानं एकमेकांना ओरडून सांगायचा, ही इंजिनातली रीतच. दोन स्टेशनं गेली आणि उदाराम ताठ बसले. हिरडामालीला संध्याच्या मित्राची, टिंकूची मालगाडी लूपवर ताटकळत होती, तर त्याला चिडवलंसुद्धा त्यांनी, “काय गा टिंकू, झोपला का?” किती दिवसांनी हसले! दारातल्या चमेलीबाईनं पदर डोळ्यांना लावला. संध्याला वाटलं, आपल्यासारखे शहाणे आपणच.

सौंदड सुटलं. दोन्हीकडं नुसतं धान. कुठं बोर्ड नाही, कुठं काही नाही. उदारामचा हात हॉर्नकडं गेला आणि तिथंच राहिला. लांबलचक हॉर्न त्या रिकाम्या बांध्यांवरून वाजतच राहिला.

“अरे काकाजी,” स्पीकरमधून टिंकू खिदळला, “हॉर्न कायले देऊन राहिले? इथं तर चिमनीबी नाही!”

संध्यानं झटकन स्पीकर आणि माइक बंद केले. उदारामनं ब्रेक लावून गाडी थांबवली.

“फाटक कुठं गेलं?”

“मी काढलं, बाबा. तुमाले तरास नको म्हणून.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण आवाज चढला नाही. “तुनं फाटक काढलं. तुयी माय त्याचं नाव घेत नाही. तिकडं साहेब म्हनते, इसरून जा. तुमी सारे मिळून त्या मानसाले पुसून राहिले, अन् मी एकटाच त्याले पाहून राहिलो.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं संध्याला. चांगलं करायला गेली आणि बाबांना एकटं पाडून बसली.

“लाव परत,” ते म्हणाले.

तिनं लावलं. खोली आली, बोर्ड आला, दांडे आले. दांडे तिनं पाडून ठेवले.

“आता दांड्याच्या बाहेर एक मानूस ठेव. सायकलवाला.”

“अवो, असं काऊन करता?” चमेलीबाई कळवळली. “कायले परत जिवाले लावून घेता?”

“ठेव म्हनलं ना.”

संध्यानं आईकडं बघितलं. बाबांच्या मनात काय आहे ते कळेना. पुन्हा तेच बघायचं आहे की काय यांना? तिनं शोधून एक सायकलवाला काढला आणि दांड्याशी आणून ठेवला. मग जरा अपराध्यासारखीच म्हणाली, “पण बाबा, हा नुसता पुतळा आहे. या खेळातली माणसं चालत नाहीत. तुमी कितीबी गाड्या काढा, हा जागचा हलणार नाही.”

उदाराम त्या सायकलवाल्याकडं बघत राहिले. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसले नाहीत. हॉर्नवर हात ठेवून ते म्हणाले, “तेवढंच तर पायजे, पोरी. उभा राहू दे त्याले.”